कॅप्टनची बॅग

मोटार विकत घेतली की ती ट्रकवर चढवून आणतात. विमानाचं तसं होत नाही. युरोपात कुणी आपलं चार माणसांचं, एका इंजिनाचं लहान विमान विकलं आणि आपल्याकडच्या एखाद्या उड्डाण-शाळेनं ते घेतलं, तर पंख सोडवून, पेटीत घालून ते जहाजानं आणता येतं खरं. पण ते पुन्हा जोडा, तपासा, यात इतका काळ जातो की उडवत आणणंच सोपं पडतं. त्यासाठी एक माणूस लागतो. तो माणूस मी होतो. पोस्टमन पत्र पोचवतो तसं मी विमान पोचवत असे, आणि पोस्टमनसारखंच, पोचवलेली वस्तू माझी कधीच नसे.

नालवाडीतल्या माझ्या शेजाऱ्यांचा अजून समज आहे की मी मोठ्या विमानांतून, हवाईसुंदरीनं आणून दिलेली कॉफी पीत जग फिरलो. मी तो समज फारसा खोडत नाही. खरी गोष्ट अशी की आमच्या विमानाच्या मागच्या दोन्ही खुर्च्या काढून तिथे पेट्रोलची जादा टाकी बसवलेली असायची. डोक्यामागे पेट्रोल, गुडघ्यांवर नकाशे, पायाशी पाण्याची बाटली आणि दुसरी एक रिकामी बाटली, जिचं काम सांगायला नको. डोंगर आला की वरून जायची ताकद नसे, वळसा घालायचा. समोरून वारा आला की खालच्या रस्त्यावरचे ट्रक पुढे निघून जाताना दिसायचे.

पण उडणं हा या धंद्याचा लहान भाग. मोठा भाग जमिनीवरचा. वाटेत जितके देश, तितक्यांची परवानगी लागते: वरून जायची वेगळी, उतरायची वेगळी. प्रत्येक परवानगीला एक क्रमांक असतो आणि तो थोड्याच काळासाठी चालतो. हवा बिघडली, उशीर झाला, की क्रमांक शिळा. मग पुन्हा अर्ज, पुन्हा फोन, आणि त्यांच्या सुटीचा वार वेगळा, आपला वेगळा. हे सगळं ज्यांच्या हातात असतं ते अधिकारी. मी चांगला वैमानिक होतो की नाही हे मला सांगता येणार नाही, पण अधिकाऱ्यांसमोर कसं उभं राहायचं हे मला उत्तम जमायचं. निदान मला तसं वाटायचं.

सुरुवातीला एका देशात मी सही करून कागद पुढे केला तर अधिकारी म्हणाला, "शिक्का?" मी म्हटलं, सही आहे ना. तो म्हणाला, "सही कुणीही करतो." दिवसभर बसवून ठेवलं. परत आल्यावर मी वर्ध्यात एका शिक्केवाल्याकडे गेलो. तो पतसंस्था आणि ग्रामपंचायतींचे शिक्के करायचा. त्यानं विचारलं, "कोनत्या खात्याचा बनवू?" म्हटलं, माझाच. नाव आणि मध्ये विमानाचं चित्र. तो जरा विचार करून म्हणाला, "मंग खाली 'अध्यक्ष' टाकून देऊ का? शोभते." अध्यक्ष टाकलं नाही, पण त्या गोल शिक्क्यानं मला अनेक देशांतून पार केलं. एका साहेबानं तर तो कौतुकानं हातात घेऊन स्वतःच्या वहीत उमटवून ठेवला.

तसाच गणवेश. आमच्या कामाला गणवेश लागतो असा कुठलाही नियम नाही. पण साध्या शर्टातल्या माणसाला विमानतळावर कुणीही हटकतो, आणि खांद्यावर चार सोनेरी पट्टे दिसले की फाटक उघडतं. माझे पांढरे शर्ट लग्नाच्या बँडवाल्यांचे कपडे शिवणाऱ्या शिंप्यानं शिवले होते. त्यानं चार पट्टे ऐकून नाक मुरडलं होतं. "चारच? बँडमास्तरले सहा लागते." आणि तिसरी गोष्ट, गोरसपाक. दुसरे वैमानिक सिगारेटची पाकिटं वाटायचे. मला ते लाच दिल्यासारखं वाटायचं. आमच्या हिनं सुचवलं की वर्ध्याचा गोरसपाक ने. साजूक तुपातली खुसखुशीत वडी कुणाला नको असते? डबा उघडून पुढे केला की समोरचा माणूस आधी वास घेतो, मग हसतो. ती लाच नव्हे, पाहुणचार, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

असे किस्से पुष्कळ आहेत, आणि दिवाळी अंकाच्या संपादकांनी मागवलेत ते असेच. पण यातला सगळ्यांत गमतीचा म्हणून जो किस्सा आमच्या भागात सांगितला जातो, तो मी कधीच सांगितलेला नाही. तो तळेगावात, श्यामजी पंतांच्या तळेगावात, उत्तम नावाचा माझा मित्र सांगायचा. लोक पोट धरून हसायचे. तिथे असलो तर मीही हसायचो. या उन्हाळ्यात उत्तम गेला. तेव्हापासून मला तो किस्सा नीट लिहून काढायचा आहे. रोज थोडा लिहितो आणि थांबतो.

आखातातल्या एका देशातली गोष्ट. देशाचं नाव घेत नाही. वाळवंटाच्या कडेला लहानसा विमानतळ होता. तिथे पेट्रोल भरायचं आणि समुद्र ओलांडून भारतात यायचं, असा माझा नेहमीचा रस्ता. त्या खेपेला दिल्लीहून मिळायची परवानगी अडकली आणि मी तिथल्या अतिथिगृहात पडून राहिलो. व्हरांड्यात बसून घरी फोन लावला. मी लिहितो प्रमाण मराठीत, पण हिच्याशी बोलताना आमची बोली आपोआप येते.

"काऊन वो, जेवली का?" मी म्हटलं. "मी येतो ना. परवानगी नाई भेटून राह्यली."

व्हरांडा झाडणारा माणूस झाडू हातात धरून जागच्या जागी थांबला. मी फोन ठेवेपर्यंत हलला नाही. मग म्हणाला, "साहेब, तुमी वर्ध्याकडचे होय?"

"नालवाडी. तुम्ही?"

"मी तळेगावचा! श्यामजी पंतचं तळेगाव, आष्टी तालुका." आणि त्याचे डोळे भरले. "लय दिवसानं आयकलं साहेब. 'काऊन वो.' इथं सारे हिंदीच बोलते."

हा उत्तम. वांगी, भेंडी, गवार पिकवणारं घर. एका बांधकाम कंपनीत लोखंड बांधायचं काम करायला आला होता. कंपनी बुडाली, मालक पसार झाला. त्या देशाचा कायदा असा की मालकाच्या सहीशिवाय कामगाराला देश सोडता येत नाही. पासपोर्ट हाती आला होता, पण सही द्यायला मालकच नव्हता. भर उन्हात मिळेल ते काम करून तो दिवस काढत होता.

नुसतं एवढंच असतं तरी पुरे होतं. पण गावात कुणीतरी उठवलं होतं की उत्तमनं तिकडे दुसरं घर केलं, म्हणून येत नाही. बायकोनं, कांतानं, फोनवर बोलणं कमी केलं होतं. शेवटी सांगून टाकलं होतं की पोळ्यापर्यंत वाट पाहते, मग पुलगावला भावाकडे निघून जाते, कायमची.

"मी तिले किती समजावलं," उत्तम म्हणाला. "पन फोनवर मानसाचं तोंड दिसत नाई. तिले वाटते मी खोटं बोलून राह्यलो. एकदा घरी जाऊन दारात उभा राह्यलो असतो तं झालं असतं."

पोळा तोंडावर आला होता.

उपाय मीच सुचवला. त्यानं मागितला नव्हता. विमानासोबत एक कागद असतो, त्याला आम्ही जीडी म्हणतो. विमानात कोण आहे, काय आहे, हे त्यावर लिहायचं. त्यात ज्याचं नाव विमानाचा कर्मचारी म्हणून असतं, त्याला व्हिसा-बिसा फारसं कुणी विचारत नाही. तो वेगळ्या दारानं जातो. काही लोक या दाराचा गैरवापर करतात हे मला माहीत होतं. मी स्वतः कधी केला नव्हता. पकडलो गेलो असतो तर विमान अडकलं असतं आणि माझा परवाना गेला असता. तरी मी म्हटलं, "उत्तम, मी तुला मेकॅनिक म्हणून लिहितो. माझ्यासोबत चल."

हे मी दयेनं केलं असं मला वाटत आलं आहे. दया होतीच. पण आता लिहिताना दिसतं की त्यात चार पट्ट्यांचा गर्वही होता. कुठलाही अधिकारी मला नाही म्हणत नाही, हे मला आपल्या गाववाल्याला दाखवायचं होतं.

उत्तमनं त्याच दिवशी कांताला फोन केला. मी शेजारीच होतो. "उद्या येतो," तो म्हणाला. पलीकडून काही विचारलं गेलं. "इमानानं. नाई वो, खरं. साहेबाच्या इमानानं. तू कुटी जाऊ नको."

मग आमची तयारी सुरू झाली. माझा जादा शर्ट त्याला घातला, खांद्यावर दोन पट्टे लावले. माझे दुसरे बूट त्याला घट्ट होत होते, पण तो म्हणाला, "चावले तं चावले." त्याला विमानापाशी नेऊन भाग शिकवले.

"हे प्रोपेलर."

"पंखाच ना साहेब?"

"पंखा म्हणू नको. प्रोपेलर. आणि मला साहेब म्हणायचं नाही. कॅप्टन म्हणायचं."

"हो साहेब."

"उत्तम!"

"हो कॅप्टन साहेब."

आम्ही दोघं हसलो. तो हुशार होता. दुपारपर्यंत इंजिनाचं तेल कुठून बघतात, चाकाची हवा कशी तपासतात, सगळं हातानं करून दाखवायला लागला. काय विचारतील, काय उत्तर द्यायचं, हे मी त्याच्याकडून पाठ करून घेतलं. बोलण्यात तो कुठेही अडला नसता. परवानगीचा क्रमांकही संध्याकाळी आला.

सकाळी आम्ही दोघं अतिथिगृहाच्या दारात आलो. माझी उड्डाणाची बॅग जड असते: नकाशे, पुस्तकं, अवजारं, जीवरक्षक जाकीट. एका हातात ती, दुसऱ्या हातात कपड्यांची पेटी. दार उघडायला हात मोकळा हवा होता. मी बॅग शेजारी धरली, मागे न बघता, जशी आपण खुंटीकडे टोपी धरतो तशी. ती घेतली गेली. मग पेटीही घेतली गेली. मी दार उघडून चालू लागलो. इतकंच. माझ्या मनात त्याबद्दल काहीही आलं नाही, आणि हे काहीही न येणंच मला आता झोपू देत नाही.

पारपत्र तपासणीच्या खोलीत तो अधिकारी बसला होता. बारीक अंगाचा, चष्मेवाला, कमी बोलणारा. लहान काचेच्या पेल्यातून चहा पीत होता. दोन दिवसांपूर्वी त्यानं माझा गोरसपाक खाल्ला होता आणि हे गाईचं तूप का, असं विचारलं होतं. माझी आणि त्याची छान ओळख झाली आहे असं मी समजत होतो.

"कॅप्टन, बसा," तो म्हणाला.

मी बसलो. खुर्च्या दोन होत्या. त्यानं जीडी पाहिली, माझा शिक्का पाहिला, दोन नावं पाहिली. उत्तमचा पासपोर्ट हातात घेतला, उघडला नाही. आमचं हवेबद्दल, समुद्रावरच्या ढगांबद्दल बोलणं झालं. बोलता बोलता त्यानं आपला शिक्का शाईवर टेकवला. मग मान वर करून उत्तमला दुसरी खुर्ची दाखवली. "बसा."

"नको नको," उत्तम हसून म्हणाला.

मी मागे वळून पाहिलं. उत्तम माझ्या खुर्चीच्या मागे, एक पाऊल डावीकडे उभा होता. खांद्यावर माझी बॅग. उजव्या हातात माझी पेटी. डाव्या हातात त्याचं स्वतःचं सामान, एक कापडी पिशवी. दोन पट्टे बॅगेच्या पट्ट्याखाली चिरडले होते.

अधिकाऱ्यानं शिक्का शाईवरच ठेवून दिला.

"कॅप्टन," तो इंग्रजीत म्हणाला, "इथे पुष्कळ विमानं येतात. मी मेकॅनिक पाहिलेत. कॅप्टननं बॅग उचल म्हटलं तर ते शिवी देतात."

मी म्हटलं, "आमच्या देशात मोठ्यांचा मान ठेवायची पद्धत आहे." हे वाक्य मला सुचलं, याची लाज मला त्या बॅगेपेक्षाही जास्त वाटते.

"असेल," तो म्हणाला. "मग तुम्ही बसलात तेव्हा त्याला बसायला सांगायची पद्धत नाही का?"

त्यानं आता पासपोर्ट उघडला. आत मजुराचा शिक्का होताच. तो ओरडला नाही. पोलीस बोलावले नाहीत. जीडीवरच्या दुसऱ्या नावावर त्यानं एक सरळ रेघ ओढली आणि म्हणाला, "विमान एकट्यानं आलं. एकट्यानं जाईल. मी हे बघितलं नाही. पण पुन्हा या विमानतळावर तुम्ही उतरू नये." मग उत्तमला मोडक्या हिंदीत म्हणाला, "तुम रुको. बैठो." या वेळी उत्तम बसला.

मी त्याच्यासमोर उभा राहिलो. तो खालमानेनं शर्टाची बटणं चाचपत होता.

"साहेब, सदरा आत्ता देऊ का?"

"राहू दे."

"तुमी जाऊन कांताले सांगा," तो म्हणाला. "माह्यावर भरोसा नाई राह्यला तिचा. तुमचं आयकन थे." मग त्यानं बॅग उचलून माझ्या खांद्यावर अडकवली. "पट्टा आखूड करून घ्या साहेब. नाईतं चालतानी मांडीले लागते. मघा मले लागली."

समुद्रावरून मी एकटा आलो. हवा चांगली होती.

विमान पोचवल्यावर मी घरी न थांबता एसटीनं तळेगावला गेलो. पोळा व्हायचा होता. कांताबाई वांग्याच्या वावरात निंदत होत्या. मी नाव सांगितलं तरी उठल्या नाहीत.

"तो कुटी आहे?"

मी म्हटलं, यायला निघाला होता, अडवला.

"तिकडे घर केलं का त्यानं?"

"नाही."

"कायच्यावरून?"

"तो इतक्या माणसांत झोपतो की कूस बदलायची झाली तर शेजाऱ्याला सांगावं लागतं. तिथे घर कुठलं करतो?"

त्या खुरपं थांबवून माझ्याकडे बघत राहिल्या. मग जरा हसल्या. "मंग आला काऊन नाई? म्हने येतो, साहेबाच्या इमानानं."

"अधिकारी फार कडक होता," मी म्हटलं.

पुन्हा बराच वेळ खुरप्याचा आवाज. "ठीक हाय," त्या म्हणाल्या. "राह्यतो मंग मी."

त्या पुलगावला गेल्या नाहीत. एवढं माझ्या हातून झालं. पण उत्तमला यायला त्यानंतरचे दोन पोळे उलटावे लागले. त्या देशानं अडकलेल्या मजुरांना एकदाची माफी दिली, तेव्हा तो सुटला. ती सगळी वर्षं तो उन्हात होता.

तो आला म्हणून मी भेटायला गेलो. घरात शेजारीपाजारी जमले होते. मला बघून तो धावत बाहेर आला, मला आत नेलं. कांताबाई चहा देता देता म्हणाल्या, "साहेब म्हनत होते, अधिकारी लय कडक होता."

मी तोंड उघडणार तोच उत्तम म्हणाला, "कडक कायचा! माहीच चूक. साहेबानं मले सारं शिकोलं. प्रोपेलर, कॅप्टन, सारं. हजारदा बजावलं का बॅग उचलू नको. अन् मी? दिसली बॅग का घेतली खांद्यावर! हात खाजवते ना माहे." त्यानं उठून, एका बाजूला वाकून, बॅग घेतल्यासारखं चालून दाखवलं. खोलीभर हसू फुटलं.

"हमाल!" कांताबाई म्हणाल्या. "दोन पट्टे लावून बी हमालच राह्यला! दोन वर्सं घालवली याच्या हमालीनं."

मीही हसलो. चहा प्यालो. त्याला खरंच तसं आठवत होतं, की तो मला वाचवत होता, हे मी त्याला कधी विचारलं नाही. पहिल्या दिवशी विचारलं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी अवघड झालं, आणि मग तो किस्साच होऊन बसला. लग्नात, बाजारात, पारावर, कुणीही म्हणायचं, "उत्तमभाऊ, थो बॅगवाला दाखवा." तो चालून दाखवायचा. घरात तर 'हमाल' हे त्याचं नावच झालं. भाजीची टोपली जरा कलली की कांताबाई म्हणायच्या, "सांभाळ, हमाला." तो हसायचा. त्यांचंही प्रेमच होतं त्यात. पण दोन वर्षांचा हिशेब त्या त्याच्याच नावावर मांडत होत्या, हे मला दिसायचं. रागावल्या की शब्द तोच, सूर वेगळा.

पुढे त्याची मूत्रपिंडं बिघडली. दवाखान्यासाठी वर्ध्याला यायचा, तेव्हा परतीची एसटी धरायच्या आधी नालवाडीला माझ्याकडे येऊन बसायचा. सोबत भरताची वांगी. मी निवृत्त झालो होतो. मी वाचायचो ती पुस्तकं तो उलटसुलट करून बघायचा आणि विचारायचा, "यात कोनाचं काय झालं?" मी सांगायचो. त्याला गोष्ट सांगण्याइतकं सुख मला विमानानंही दिलं नाही. माझ्याकडे येणारा आणि काही न मागणारा तो एकच माणूस होता. एकदा मी त्याच्यासोबत डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर म्हणाले, उन्हातली जड कामं, पाणी कमी, तिकडून आलेल्या बऱ्याच जणांना असं होतं. तिकडे किती वर्षं होता, हे त्यांनी विचारलं नाही. उत्तमनं माझ्याकडे पाहिलं नाही. मी भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहत बसलो.

त्याच्या तेरवीला गेलो. जेवणं उरकल्यावर कुणीतरी पुन्हा तो किस्सा काढला. मेलेल्या माणसाची चांगली आठवण म्हणूनच काढला. लोक हळू हसले. मग एक जण म्हणाला, "पन साहेबानं नोकरी डावावर लावली होती आपल्या मानसासाठी." सगळ्यांनी माझ्याकडे आदरानं पाहिलं.

सगळे गेल्यावर मी मागे थांबलो. कांताबाई ओसरीत गवार मोडत बसल्या होत्या. तेरवी झाली तरी सकाळी बाजार होताच. मी समोर बसलो आणि सांगितलं. दाराशी बॅग कशी धरली, मागे कसं पाहिलं नाही, खुर्चीवर कसा बसलो. उत्तमला बॅग उचलू नको असं मी कधीच बजावलं नव्हतं, हेही.

त्यांचे हात चालत होते. मग थांबले.

"म्हंजे तुमी देल्ली त्याले."

"हो."

"त्यानं सोताहून नाई घेतली."

"नाही."

त्यांनी हातातली शेंग टोपलीत टाकली. मला वाटलं रडतील. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "मंग तवा काऊन नाई बोलले? तुमी बसून होते ना इथंच, चहा पेत होते. म्या हमाल म्हतलं त्याले. आजारी पडला तरी म्हतलं. दवाखान्यात नळ्या लागल्या होत्या, तवा बी म्हतलं, तुह्या हमालीनं हे झालं. तो हासला."

मी म्हटलं, माझं चुकलं.

"मले सांगून काय फायदा?" त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "तुमचं वझं हलकं झालं, माह्यावर आलं. मी आता कोनाले सांगू? त्याले तं सांगता येत नाई."

मी मन मोकळं करायला गेलो होतो आणि त्यांच्याकडे उरलेलं थोडंसं हसूही घेऊन निघालो होतो. उठलो. अंगणापर्यंत गेलो तेव्हा त्यांनी हाक मारली.

"साहेब, तुमी लिहिता म्हनते. दिवाळीच्या पुस्तकात."

"एखाद्या वेळी."

"तं हे लिहा. बाकीचं कसंबी लिहा, पन हे नावानिशी लिहा. लायब्रीत येते पुस्तक, पोरं वाचून दाखवते. गाव हासलं त्याले. गावाले समजू द्या." आणि पुन्हा गवारीकडे वळल्या.

म्हणून हे लिहिलं. तळेगावच्या मंडळींनी वाचावं, ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवावं. प्रोपेलर, कॅप्टन, इंजिनाचं तेल, शिकवलेलं सगळं उत्तमनं बरोबर केलं होतं. अधिकाऱ्याचा शिक्का शाईला लागला होता. बॅग उत्तमनं उचलली नाही. मी ती त्याच्याकडे धरली, आणि तो माझ्यामागे उभा असताना मी खुर्चीवर बसलो.